सड्यावरचं मीठ

आमचे ओव्हरसियर विहिरीच्या पाण्याचा घोट तोंडात घोळवून थुंकायचे आणि ती विहीर कुठल्या वाड्यावरची ते सांगायचे. एकदा त्यांना चुकवायचंच असं ठरवून मी नावं नसलेल्या तीन बाटल्या त्यांच्यासमोर ठेवल्या. तिन्ही त्यांनी ओळखल्या. वर मला म्हणाले, "ही मधली तुमच्या घरमालकाची. बांय उपसूक सांगा तेका." माझ्याच घरमालकाची विहीर उपसायला सांगत होते! मला मनापासून राग आला. त्यांच्याविषयी लिहायचं तर हे आधीच सांगितलेलं बरं. मी त्या माणसावर जळत होतो.

डिचोलीतल्या आमच्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मी रुजू झालो तेव्हा माझ्याकडे पदवी होती, कॉम्प्युटरवर नकाशे काढायची विद्या होती आणि फोंड्याला आईने शेजारपाजारी पेढे वाटले होते. ओव्हरसियर जुने डिप्लोमावाले, रोज पेडण्याहून मोटरसायकलने येणारे, निवृत्तीला दोनेक वर्षं उरलेले. हुद्द्याने मी त्यांच्या वर. पण कचेरीत शिरलेला माणूस माझ्या टेबलासमोर उभा राहून मलाच विचारायचा, "ओव्हरसियर खंय गेले?" फणस आला तर त्यांना, ओले काजूगर आले तर त्यांना. माझ्याकडे यायचे ते फक्त सहीसाठी.

वैशाखात लोक विहिरी उपसून साफ करतात. तेव्हा ओव्हरसियर चक्क रजा टाकायचे आणि जिथे उपसणं चालू असेल तिथे जाऊन तळाशी उतरायचे. पाणी कुठल्या बाजूने पाझरतं ते हात लावून बघायचे. उन्हात कशाला मरता, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "वर्साक एकदाच तिचां पोट दिसता, सायबानु." मी त्या दिवशी पंख्याखाली बसून त्याच भागाचा नकाशा रंगवत होतो. नकाशा सुरेख झाला होता, पण त्यांचे चिखलाने भरलेले पाय बघून तो मला आवडेनासा झाला.

अशात माझ्याकडे शहराच्या पाण्याची योजना आली, माझ्या नावाची पहिलीच. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचं वापरलेलं पाणी शुद्ध करायचं, धुण्याला आणि यंत्रं थंड ठेवायला पुन्हा तिथेच द्यायचं, आणि उरेल ते जमिनीत मुरवून उन्हाळ्यासाठी साठवायचं. मुरवायला मी वरचा सडा निवडला. चिऱ्याची ती सपाट, भोकाभोकांची जमीन. तिथे खड्डा खणून नदीच्या पाण्याचे दोन टँकर ओतले तर अर्ध्या तासात खड्डा कोरडा! मी सगळ्यांना चहा पाजला. ओव्हरसियरांनी चहा घेतला आणि म्हणाले, "जमीन पाणी पिता तां बरां. पण मागीर तां जाता खंय, तां बघूक होयां."

मी म्हटलं, जमिनीत जातं, अजून कुठे जाणार? ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मोटरसायकलच्या मागे बांधून आगरवाड्याच्या मिठाचं पोतं घेऊन आले. पुढच्या दोन दिवसांत आणखी दोन आणली. तिन्ही पोती त्या खड्ड्यात ओतली आणि वरून पुन्हा टँकर सोडला. मी शिपायासमोर त्यांची टिंगल केली. सड्याला लोणचं घालताहेत म्हणालो. शिपाई हसला, पण मला बरं वाटावं म्हणून.

चार दिवसांनी सड्याखालच्या कुळागरातली, म्हणजे पोफळीच्या बागेतली, एक काकी कचेरीत आली. ती आणि तिचा सगळा वाडा तिथल्या झरीचं पाणी पितात. माझ्या टेबलावरून पुढे जात ती थेट त्यांना म्हणाली, "ओव्हरसियर, आज पेजेत मीठ घालूकच नाय, तरी पेज खारट कशी ओ?"  ज्या वाटेने मीठ झरीत उतरलं, त्याच वाटेने उद्या कारखान्यांचं पाणी उतरलं असतं. पाणी शुद्ध करणारं यंत्र एक दिवस बिघडलं असतं, तर पहिला घोट काकीने घेतला असता. आणि योजनेवर नाव माझं होतं.

मंजुरीच्या बैठकीत आता ओव्हरसियर सगळ्यांसमोर माझं वस्त्रहरण करणार, याची मला खात्री होती. त्यांच्या जागी मी असतो तर केलं असतं. ते उठले, खारट झरीची हकिगत सांगितली आणि म्हणाले, "संशय सायबांकाच आयलो. मीठ टाकूक तेंनी सांगलां. मियां नुसतां पोतां ओतलां." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली, आणि लोकांना तो विनय वाटला.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर उखडलोच. असं का केलंत? ते हेल्मेट चढवत म्हणाले, "मी फुडल्या वर्सा घराक वतलों. तुमी हंयसर रवतलात. लोकांनी तुमचां आयकूक होयां." त्या वेळी मला त्यांचा जितका हेवा वाटला तितका तीन बाटल्या ओळखल्या तेव्हाही वाटला नव्हता. पाण्याची चव मी कदाचित शिकलो असतो. हे मला जन्मात जमणारं नव्हतं.

योजना बदलली. कारखान्यांचं पाणी वसाहतीतल्या पक्क्या टाक्यांतच फिरतं. जमिनीत फक्त छपरांवरचं पावसाचं पाणी जातं, तेही त्यांनी दाखवलेल्या जागी. कोनशिलेवर नाव माझं आहे. त्यांच्या निरोप समारंभात मी त्यांच्या वक्तशीरपणावर बोललो. मिठाबद्दल बोलायचं घरून ठरवून गेलो होतो, पण समोर पहिल्या रांगेत माझे वरिष्ठ बसले होते.

गेल्या वर्षी ते गेल्याचं कळलं. दिवसकार्य झाल्यावर मी पेडण्याला त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी मला ओळखलं. म्हणाल्या, "मीठ टाकूक सांगलेले ते सायब तुमीच मां? ते सगळ्यांका सांगत, सायबांमुळे लोकांची झर वाचली." म्हणजे घरीसुद्धा! स्वतःच्या बायकोलासुद्धा त्यांनी खरं सांगितलं नव्हतं. मग मात्र मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं, टिंगलीसकट. मीठ त्यांचं, जागा त्यांची, अक्कल त्यांची, माझी फक्त सही.

 वहिनी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "ते म्हणत तशेच असात तुमी. मोठेपण कधी आपणाकडे घेवचे नाय."