क्रेऊसा सुईणीचं नाव

पेनेयस नदीकाठच्या त्या गावात क्रेऊसा सुईणीच्या हातून न जन्मलेला माणूस शोधायचा तर म्हाताऱ्यांतच शोधावा लागे. चाळीस वर्षं ती अर्ध्या हाकेला धावली. कुणी चीज दिलं, कुणी लोकर. काहीच न देणाऱ्यांकडेही ती गेलीच. स्वतःची पाच लेकरं मात्र तिनं मातीत ठेवली. उरला एकटा मेनोन. त्याला पहिली मुलगी झाली तेव्हा म्हातारीनं स्वतः दारावर मुलगी झाल्याची खूण म्हणून लोकरीचा झुबका टांगला. पहिल्या नातीला बापाच्या आईचं नाव. हे काय विचारायचं असतं?

दहाव्या दिवशी नाव ठेवायला पाहुणे जमले. आणि करिंथहून आलेल्या दामो विहीणबाईंनी नाक मुरडलं.

"क्रेऊसा? छे गं बाई! आमच्याकडची राजकन्या क्रेऊसा लग्नाच्या दिवशीच विषारी वस्त्रात जिवंत जळाली. नवऱ्याच्या पहिल्या बायकोनं धाडलं होतं ते. दुसरी क्रेऊसा ट्रॉयची, जळत्या शहरात नवऱ्याच्या मागून चालता चालता हरवली. असलं करंटं नाव माझ्या नातीला नको!"

"आणि आमच्या या नदीच्या देवाची बायको क्रेऊसा? तिचंच पाणी पिताय की सकाळपासून!" म्हातारी म्हणाली.

मेनोन खाली मान घालून बसला. नाव ठेवायचा हक्क बापाचा, आणि हा बाप मुका! म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"विहीणबाई, त्या जळालेल्या राजकन्येचा गुन्हा काय हो? बापानं ठरवलं तिथं उभी राहिली, एवढाच ना? आणि पहिल्या बायकोला पोरांसकट वाऱ्यावर सोडून लग्नाला निघालेला तो तिचा नवरा यासोन? त्याचं नाव नाही कुणाला करंटं वाटलं?" तिनं दामोबाईंच्या थोरल्या मुलाकडे बोट रोखलं. तो भाजलेलं चीज तोंडाशी नेत होता. "तुमच्या या लेकाचं नाव काय हो?"

तुकडा हातातच राहिला. थोरला यासोनच होता. गावात आणखी तीन यासोन होते, तिघांचीही नाळ हिनंच कापलेली.

"जळायचं बाईनं, आणि नावही टाकायचं बाईचंच! वा रे न्याय!"

आतून बाळंतिणीचा आवाज आला, "अहो, दोन दिवस मी अडले होते, तेव्हा मला धरून कोण बसलं होतं? करिंथची राजकन्या? उचला पोरीला."

मेनोननं लेकीला उचललं, रिवाजाप्रमाणे चुलीभोवती फिरवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "क्रेऊसा."

"मेल्या, एवढं बोलायला बायकोनं ढकलावं लागलं होय रे?" म्हातारी कडाडली, आणि नातीला छातीशी ओढून ढसाढसा रडली.