धुळ्याच्या खोक्यातलं कार्ड

पत्नी गेल्यानंतर तीन-चार महिन्यांनी कला मंडळाचे सचिव घरी आले. मंडळाच्या जळगाव आणि धुळे अशा दोन शाखा होत्या. दोन्हीकडच्या सभासदांची कार्डं एकत्र करून कॉम्प्युटरवर चढवायची होती.

"तुम्ही ग्रंथपाल होतात, कार्डांची तुम्हाला सवय," ते म्हणाले. मला घराबाहेर काढण्याचा हा एक बहाणा आहे, हे मला कळत होतं. मी हो म्हणालो.

ते नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस. कॉम्प्युटर सचिवांची सून चालवायची. खरी अडचण होती बायकांच्या कार्डांची. माहेरी धुळ्याला असताना एका नावाने सभासद झालेली मुलगी लग्नानंतर जळगावला दुसऱ्याच नावाने पुन्हा सभासद व्हायची. नाव वेगळं, आडनाव वेगळं, पत्ता वेगळा. कॉम्प्युटरच्या लेखी त्या दोन बायका. म्हणून धुळ्याहून अक्कांना बोलावलं होतं. तिकडच्या शाखेत पहिल्यापासून दारावर बसून त्या पास तपासत आल्या होत्या. कुणाची लेक कुठे दिली, हे त्यांना तोंडपाठ.

"इले पारोळ्याच्या डॉक्टरले दिधी, मंग ते जळगावले उनात," अक्का कार्ड पुढे करत म्हणायच्या. "या दोन्ही एकच बाई. कर एक."

"अक्का, तुम्हालाच वायर लावून मशीनला जोडू का?" सून हसायची.

"माले जोडशी तर तुन्हं मशीन जळी जाई."

असं एक कार्ड दुसऱ्यात मिसळत काम चाललं होतं. नियम एवढाच, की मयत सभासदांना कॉम्प्युटरवर घ्यायचं नाही. त्यांची कार्डं एका वेगळ्या खोक्यात टाकायची. पहिल्याच दिवशी पत्नीचं जळगावचं कार्ड माझ्या हातात आलं आणि मी ते रजिस्टरखाली सरकवलं. त्या खोक्यात टाकायला हात होईना. रोज निघताना ते जागेवर आहे ना, बघून घ्यायचो.

चौथ्या दिवशी अक्कांनी धुळ्याच्या खोक्यातून एक कार्ड काढलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, हाई पोर! गाण्याची बैठक असली की सगळ्यांच्या आधी यायची. सतरंजीवर पुढे नाही बसायची, भिंतीला टेकून, तंबोऱ्याच्या बाजूला. एकदा गवईबुवांनी विचारलं, बाई, तुम्ही शिकता का? तर अशी लाजली, चपला तिथेच टाकून पळाली!"

"मग कुठे दिली हिला?" सुनेने विचारलं.

"जळगावलेच. घर काही याद नाही. लग्न झालं नि एकदाही गाण्याला दिसली नाही बघ. पडली असेल एखाद्या नाटकवेड्याच्या गळ्यात."

सून हसली. मी कार्डाकडे पाहिलं. गोल, किंचित डावीकडे कलणारं अक्षर. आवडीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'गायन. फक्त गायन.'

मी रजिस्टरखालचं कार्ड काढून त्याच्याशेजारी ठेवलं. ते मीच भरलेलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात, तिला न विचारता. आवड: 'नाटक'. त्या रकान्याप्रमाणे मंडळ कार्यक्रमांची पोस्टकार्डं पाठवी. आमच्या घरी इतकी वर्षं नाटकांचीच आली. प्रत्येक नाटकाला ती माझ्याबरोबर यायची, आणि घरी येताना म्हणायची, "छान होतं." भाजी निवडताना ती गुणगुणायची. मला वाटायचं, सगळेच गुणगुणतात.

"माझ्याकडे दिली होती, अक्का," मी म्हणालो.

अक्कांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा दोन्ही कार्डांकडे पाहिलं. "भाऊ... माझ्या जिभेला काही हाड नाही हो."

"तसं नाही. बरोबरच बोललात तुम्ही."

सून दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली होती. माझी पत्नी गेल्याचं तिला माहीत होतं. तिने हळूच विचारलं, "काका, दोन्ही एकच ना?"

"एकच."

मग मी खुर्ची अक्कांकडे वळवली. "आणखी सांगा ना. कुणाबरोबर यायची?"

"एकटी यायची. नदीपलीकडून, चालत." अक्का आठवून आठवून सांगू लागल्या. पदर कसा घ्यायची. मध्यंतरात सगळे चहाला उठले तरी ही बसल्या जागी डोळे मिटून. एकदा वीज गेली आणि गाणं थांबेल म्हणून हिनेच धावत जाऊन शेजारून कंदील आणला. त्या मुलीला मी ओळखत नव्हतो. सुनेने मध्ये चहा आणून ठेवला. आम्ही दोघांनीही तो घेतला नाही.

अक्का थांबल्या तेव्हा मी जळगावच्या कार्डावरचं 'नाटक' खोडलं आणि तिच्या कार्डात बघून, तिने लिहिलं होतं तसंच, पूर्णविरामासकट लिहिलं: 'गायन. फक्त गायन.' दोन्ही कार्डांना एक टाचणी लावली, आणि उठून ती मयतांच्या खोक्यात माझ्या हाताने ठेवली.