आमदारबाई, धुकं आणि मंगळवारची बोट

आमच्या घराच्या बरोबर खाली आमदारबाईंचं ऑफिस आहे. वर आम्ही, खाली सरकार! मधली जमीन लाकडाची, त्यामुळे खाली कुणी मोठ्याने हसलं की वर आमची भांडी वाजतात. असं घर असल्यावर किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही, ते आपणहून जिना चढून वर येतात. माझी नणंद जर्सी सिटीला असते. ती फोनवर म्हणते, "वहिनी, लिहून काढ हे सगळं. मी सांगितलं तर ऑफिसात कुणी विश्वास ठेवत नाही." म्हणून बसले लिहायला.

आधी गाव सांगते. आम्ही अलास्कात, एका बेटावर राहतो. माझे मिस्टर मासळीच्या फॅक्टरीत कोल्ड स्टोरेजची मशिनं सांभाळतात. गावातून बाहेर जायला रस्ताच नाही. एक तर पाण्यावर उतरणारं छोटं विमान, नाहीतर सरकारी फेरीबोट. हिवाळ्यात धुकं उतरलं की विमान बंद, अँब्युलन्सचं विमानसुद्धा बंद. मग राहते फक्त मंगळवारची बोट. माझी ओवी तीन वर्षांची आहे आणि जन्मापासून तिची छाती नाजूक. तिचे डॉक्टर पलीकडच्या मोठ्या गावात. त्यामुळे सकाळी उठल्यावर मी चहा ठेवायच्या आधी खिडकीतून धुकं बघते. आणि गेल्या हिवाळ्यात बातमी आली की खर्च परवडत नाही, हिवाळ्यातली बोट बंद करायचा विचार आहे.

* * *

पहिला किस्सा माझ्याच फजितीचा.

आम्ही नवीन आलो होतो तेव्हाची गोष्ट. सकाळी बघते तर गमबूट घातलेल्या एक साठीच्या बाई दारातला बर्फ फावड्याने काढतायत. मला वाटलं, नगरपालिकेच्या असतील. मी वरून खुणेने सांगितलं की जिनाही करा. त्यांनी केला. कोपऱ्यात थोडा राहिला होता, तो मी बोटाने दाखवला. तोही काढला.

संध्याकाळी मिस्टरांना सांगितलं तर त्यांचा घास हातातच राहिला. "अगं, त्या आमदार आहेत इथल्या."

आपल्याकडचा आमदार म्हणजे पुढे पांढऱ्या गाड्या, मागे कार्यकर्ते. इथे आपण परके, व्हिसावर आलेले. उद्या हाकलून दिलं तर ओवीला घेऊन जायचं कुठे? सकाळीच माफी मागायला निघाले, पण रिकाम्या हाताने कशी जाऊ? शाल होती, नारळ नव्हता. गावातल्या एकुलत्या एक दुकानात नारळाच्या दुधाचा डबा मिळाला. त्याला हळदकुंकू लावलं, शालीवर ठेवला आणि खाली गेले.

ऑफिसात त्यांचे मदतनीस ग्लेनकाका होते. सत्तरीचे, आधी फेरीबोटीवर स्वयंपाकी होते. ते डब्याकडे बघतच राहिले. आमदारबाईंनी शाल माझ्याच खांद्यावर टाकली, डबा फोडला आणि शेगडीवरच्या माशांच्या रश्श्यात ओतला. दिवसभर जो आला त्याला वाटीभर दिला. संध्याकाळी मला बोलावून म्हणाल्या, "रस्सा छान झाला. आता मी कुठल्या कामाची लाच खाल्ली, तेवढं सांगून टाक."

* * *

त्या आमदार कशा झाल्या, ते ग्लेनकाकांनी सांगितलं.

आमदारबाई लहानपणी मासे साफ करायच्या, मग कितीतरी वर्षं विमानाच्या काउंटरवर होत्या. या छोट्या विमानात बसायचं तर प्रत्येकाला आपलं वजन सांगावं लागतं. कुणी कमी सांगितलं तर बाई काही बोलायच्या नाहीत, नुसतं काट्याकडे बघायच्या. माणूस मुकाट्याने काट्यावर चढायचा.

निवडणुकीला समोर उभा होता एक मोठा बोलघेवडा. सभेत तो छाती ठोकून म्हणाला की या जिल्ह्यातल्या प्रत्येक मतदाराला मी नावाने ओळखतो.

बाई उठल्या आणि म्हणाल्या, "मला प्रत्येकाचं वजन माहीत आहे. आणि आजपर्यंत मी ते कुणाला सांगितलेलं नाही."

एवढंच भाषण. निवडून आल्या!

* * *

आमदाराला इथे कुणीही, कशासाठीही फोन करतो. एकदा एका म्हाताऱ्याने जेवणाच्या वेळी फोन केला की माझ्या कचऱ्याच्या डब्यात अस्वल बसलंय, तुम्ही काय करणार आहात? आमदारबाईंनी शांतपणे विचारलं, "मतदार आहे का ते?"

म्हातारा म्हणाला, नाही. "मग आधी तुझं ऐकते. दार लावून घे."

* * *

पुढचा किस्सा मात्र हसण्यासारखा नाही.

जानेवारीत विधानसभा सुरू होणार होती आणि आमदारबाई राजधानीला निघाल्या होत्या. त्याच सकाळी ओवीचा श्वास लागला. ओठ निळसर. दवाखान्यातल्या नर्सने तपासलं आणि म्हणाली की हिला आजच्या आज पलीकडे न्या. समुद्रावरून धुकं सरकत येताना दिसत होतं. अँब्युलन्सचं विमान येईपर्यंत ते पोहोचलं असतं. आमदारबाई ज्यातून निघाल्या होत्या ते पलीकडे जाणारं विमान त्या दिवसाचं शेवटचंच, आणि ते भरलेलं.

मी ओवीला छातीशी धरून काउंटरवर उभी. वैमानिकाने आकडेमोड केली आणि मान हलवली. वजन जास्त होत होतं. आत बसलेली माणसं खाली बघायला लागली. प्रत्येकाचं काही ना काही महत्त्वाचं काम असणारच, मी कुणाला काय म्हणू?

दार उघडलं आणि आमदारबाई बॅग घेऊन खाली उतरल्या. वैमानिकाला म्हणाल्या, "मी, माझी बॅग आणि माझी फाइल. झालं का आता?"

झालं. आम्ही उडालो, मागे गाव धुक्यात बुडालं. ओवी वाचली.

बाई मंगळवारच्या बोटीने राजधानीला पोहोचल्या. तोवर पेपरात छापून आलं होतं की पहिल्याच दिवशी बेटाच्या आमदार गैरहजर. बोलघेवड्याने तर गावभर केलं. मी रडवेली होऊन म्हटलं की मी पेपरवाल्यांना खरं सांगते. तर म्हणाल्या, "तुझ्या पोरीचा आजार ही माझी सबब नाही."

* * *

मग बोटीचा प्रश्न कमिटीपुढे गेला. कमिटीचे अध्यक्ष शहरातले, कडक इस्त्रीतले. आमदारबाईंनी त्यांना आग्रहाने बेटावर बोलावलं, की एकदा डोळ्यांनी बघा आणि मग ठरवा. ते विमानाने आले, दोन तासांत परत जाणार होते. आणि धुकं उतरलं!

गावभर काय आनंद झाला म्हणून सांगू. अध्यक्षच अडकले! आता कळेल बोट म्हणजे काय ते. मीही मनातल्या मनात धुक्याचे आभार मानले, आयुष्यात पहिल्यांदा. मंगळवारपर्यंत ते खालच्या ऑफिसातल्या कोचावर झोपले. मी दोन वेळचा वरणभात पाठवत होते. ओवी त्यांना रोज विचारायची, "आर यू स्टिल हिअर?"

मंगळवारी बोट आली, ते गेले. त्या दिवशी समुद्र असा खवळला की विचारू नका. ग्लेनकाकांचा जुना सोबती बोटीवर होता. त्याने फोन करून सांगितलं की साहेब पूर्ण वाट बादलीत तोंड घालून बसले होते. धक्क्यावर उतरल्यावर एकच वाक्य बोलले:

"असल्या गोष्टीवर सरकार पैसा घालवतं?"

त्या दिवशी खालच्या ऑफिसात कुणी हसलं नाही.

* * *

आणि आला सुनावणीचा दिवस.

कमिटी राजधानीत, आमदारबाईही तिच्या सदस्य, त्यामुळे त्या तिकडेच. आम्ही गावकरी खालच्या ऑफिसात स्पीकरफोनभोवती गोळा झालेलो. ज्याला बोलायचं त्याला दोन मिनिटं, आणि सगळ्यांचं झालं की लगेच मतदान. बोट चालू ठेवायची तर येस, बंद करायची तर नो. ग्लेनकाकांनी माझं नाव सगळ्यात शेवटी दिलं होतं. मी सातवी शिकलेली, माझं इंग्रजी टीव्हीवरचं. आठवडाभर आरशासमोर पाठ केलं होतं.

अध्यक्षांनी माझं नाव घेतलं. कसं घेतलं ते जाऊ द्या, पण ते माझंच होतं. मी सुरुवात केली की माझी मुलगी, तिची छाती, तिचे डॉक्टर... आणि मांडीवर ओवीला ढास लागली. मी ती ढास ओळखते. वाफेचं मशीन वर घरात होतं. पाठ केलेलं सगळं एका क्षणात उडालं. फोनमध्ये एवढंच म्हटलं, "सर, आय कम," आणि तिला उचलून जिन्याकडे पळाले.

आता आपण निघताना काय म्हणतो? "येते." "जाते" असं तोंडातून काढत नाही, आणि कडेवर आजारी लेकरू असताना तर नाहीच नाही. घाईत तेच इंग्रजी होऊन बाहेर पडलं.

खाली काय झालं ते मला नंतर कळलं. अध्यक्ष म्हणाले की बाई येते म्हणाल्यात, तेव्हा त्यांचं घड्याळ थांबवा, आपण वाट बघू. इकडे वरून मशीनची घरघर आणि ओवीचा खोकला लाकडातून खाली येत होता, आणि फोनमधून तिकडेही जात होता. बराच वेळ गेल्यावर कमिटीतल्या एकाला वाटलं, बाई बहुतेक राजधानीलाच यायला निघाल्या. त्याने विचारलं की त्या पोहोचणार कधी?

आमदारबाई म्हणाल्या, "आज तिकडे धुकं आहे. म्हणजे मंगळवारी. बोटीने."

ओवीचा श्वास हळूहळू जागेवर आला. तिला खांद्यावर घेऊन मी खाली आले. फोन अजून चालू होता. अध्यक्षांनी विचारलं, आणि आवाज काही गोड नव्हता, की तुम्ही येते म्हणालात आणि निघून गेलात, हे कसं?

मोडक्यातोडक्या इंग्रजीत जे सुचलं ते बोलले. "सर, आमच्यात निघताना जाते म्हणत नाहीत. जो निघाला त्याने परत यायचं असतं, म्हणून येते म्हणायचं. मुलीला डॉक्टरकडे नेताना मी घराला दर वेळी हेच सांगते. बोट नसेल तर मी काय सांगू?"

मग क्लार्कने एकेक नाव पुकारायला सुरुवात केली. येस. नो. नो. येस. नो. आमदारबाईंचं येस. तीन तीन झाले आणि राहिले एकटे अध्यक्ष. ग्लेनकाकांनी डोळे मिटून घेतले. माझ्या मानेवर ओवीचा श्वास गरम लागत होता, तेवढाच मला कळत होता.

क्लार्कने अध्यक्षांचं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं.

अध्यक्षांनी घसा खाकरला. "द बोट," ते म्हणाले, "कम्स."

मग क्लार्कचा आवाज आला, "सर, म्हणजे येस लिहू की नो?"