डोळे तरुण झाले तेव्हा

चहा घ्या, पण घोट जपून घ्या. माझी फजिती ऐकताना ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

जुन्नरच्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान. वाडवडील मारवाडातून आले, पण आमचं बोलणं, भांडणं, सगळं मराठीत. माझी साठी उलटलेली. नाकावर चाळिशी चढवल्याशिवाय अक्षर दिसायचं नाही. आणि एके सकाळी दोऱ्याच्या डबीवरची बारीक अक्षरं मी चष्म्याशिवाय घडाघडा वाचली.

मग काय विचारता? त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवायचा माझा नेम होता. सगळं श्रेय त्याला देऊन मोकळा झालो. बाजाराच्या दिवशी चारचौघांत सुई ओवून दाखवली. लोक थक्क! माझे डोळे तरुण झाले, असं मी गावभर सांगत सुटलो.

बायको, केसरबाई, तेवढी मला न्याहाळत होती. शेवटी एकदा म्हणाली, "काल माझा भाऊ दारात आला, तर त्याला तुम्ही 'काय हवंय बाई?' म्हणालात."

"अंधार होता," मी म्हणालो.

"भर दुपारी?"

बायकांच्या शंकांना उत्तरं देत बसलो तर धंदा कधी करायचा?

निरगुडसरचा राणूबा माझा जुना मित्र, शेतकरी माणूस. त्याला धूसर दिसायला लागलं होतं. तो सरकारी दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरकडे निघाला, तर मी त्याला अडवलं. म्हटलं, आधी त्रिफळा. त्यानं घरी जाऊन साऱ्या आळीला सांगितलं. निम्मं निरगुडसर सकाळी डोळे धुवायला लागलं.

एके दुपारी दुकानाच्या दारात, उजेडाला पाठ करून, एक उंच माणूस उभा राहिला. डोक्याला पागोटं. राणूबाच तो, दुसरं कोण असणार?

"ये राणूबा, बस. त्या डॉक्टरच्या नादी लागला नाहीस ना? कालचं पोर ते. त्याला डोळ्यातलं काय कळतंय? माझे डोळे बघ."

"बघतो ना," तो माणूस म्हणाला. "जरा उजेडाकडे या."

हा आवाज राणूबाचा नव्हता, हा तर तो नवा डॉक्टरच! राणूबा त्याच्या मागे उभा होता, तोंडात उपरणं कोंबून.

डॉक्टर भला माणूस. रागावला नाही. त्यानं माझी पापणी वर केली आणि विचारलं, "समोरच्या दुकानात कोण बसलंय?"

मी डोळे ताणले. "कोणीतरी आहे खरं."

"ती भिंतीला टेकवलेली पोती आहेत. शेठ, मोतीबिंदू धरायला लागला की कधीकधी जवळचं काही दिवस लख्ख दिसतं. डोळे तरुण नाही झाले, मोतीबिंदूची सुरुवात आहे ही."

"आन् मंग आमी समदी डोळं कशापायी धुतोय?" राणूबानं विचारलं.

डॉक्टरनं त्याला सांगितलं ते असं: उन्हात जाताना कपाळावर सावली हवी, तंबाखू सोडायची, ताटात पालेभाजी हवी, आणि धूसर दिसलं की शेजाऱ्याला न विचारता दवाखान्यात यायचं. आलेला मोतीबिंदू मात्र धुऊन जात नाही, पिकला की काढावाच लागतो. दुसऱ्या बाजारी मी स्वतः निरगुडसरच्या बैलगाडीत बसून सगळ्यांना दवाखान्यात नेलं. लोक हसले. हसू दिलं.

पुढे पुण्याला माझी शस्त्रक्रिया झाली. डोळ्यांवर पट्टी बांधून पडून राहिलो. मन धास्तावलं होतं, खोटं कशाला बोलू? पट्टी सुटली, जाड भिंगांचा चष्मा मिळाला आणि जगाला पुन्हा रंग आला. घरी येऊन पहिल्यांदा आरशासमोर उभा राहिलो. गेली दोन वर्षं मी ज्याला भारदस्त तांबडं समजत होतो, ते माझ्याच डोक्यावरचं पागोटं चक्क गुलाबी होतं. नवरदेवाला शोभेल असं.

"अगं, दोन वर्षं हे घालून मी बाजारभर फिरलो. बोलली का नाहीस?"

केसरबाई शांतपणे म्हणाली, "मला वाटलं, डोळ्यांबरोबर तुम्हीही तरुण झालात."