इंजिनाच्या रिकाम्या जागेतली सुपारी

ती घटना आठवली की आधी कानात एक बारीक शिट्टी वाजते. जुन्या पिकअपच्या बोनेटखालून येणारी. मग बाकीचं सगळं दिसायला लागतं: ठाण्याचं आवार, जप्त गाड्यांची रांग, हवालातीत गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसलेला मिस्त्री.

नावं कुणाचीच देणार नाही. ती माणसं अजून बुऱ्हाणपुरात आणि आजूबाजूलाच राहतात. रस्त्यात भेटली तर हात धरून चहाला नेतात. त्यांना उगाच त्रास नको.

मी मूळचा सौंसरकडचा. आठवीनंतर शाळा सुटली आणि पुढे पोलिसात शिपाई म्हणून लागलो. घरापासून इतक्या लांब, बुऱ्हाणपूरला नेमणूक मिळाली तेव्हा आईने विचारलं होतं, "तिकडे आपली भाषा बोलतात का रे?" बोलतात, पण खानदेशी वळणाची, आणि अर्ध्या वाक्यात हिंदी. त्या बोलीने मला सांभाळून घेतलं. शिपायाचा हवालदार, हवालदाराचा सहायक उपनिरीक्षक मी याच गावात झालो. स्वभाव मात्र पहिल्यापासून धास्तीचा. हवालातीचं कुलूप लावून झालं तरी परत जाऊन ओढून बघायचो. पहाऱ्यावरचा शिपाई म्हणायचा, "साहेब, आरोपी पळेल एखाद वेळी, कुलूप नाही पळणार!" मी हसायचो आणि पुन्हा ओढून बघायचो.

संक्रांत नुकतीच झाली होती. सकाळची हजेरी आटोपली, रोजनामचा लिहायला बसलो आणि फोन वाजला. गावातल्या शनवारा दरवाजाजवळ चहाची गाडी लावणारा आमचा एक खबऱ्या होता. बातमी द्यायची त्याची पद्धत अशी, की आधी इकडचं तिकडचं बोलायचं.

"साहेब, निंबोल्याच्या काकूंची पिकअप पाहिली का तुम्ही? म्हातारीले पंख फुटले."

"कोण म्हातारी?"

"गाडी हो! पहिले केळीचा माल भरला की चढावावर बैलगाडी पुढे जायची तिच्या. काल माझ्यासमोरून ट्रकाले मागे टाकून गेली. अन् शिट्टी मारते. टर्बोची शिट्टी आहे ती. जुन्या गाडीत टर्बो कुठून आला, तुम्हीच बघा."

टर्बो म्हणजे काय हे मलाही तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. नंतर समजलं, की धुराच्या जोरावर फिरणारा तो एक छोटा पंखा असतो. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, आणि त्याच इंजिनाचा जोर वाढतो. पण शिट्टी हा शब्द ऐकला आणि माझा हात थांबला. कारण दिवाळीच्या आधी चांदनी गावच्या एका तरुणाने आमच्याकडे फिर्याद दिली होती. त्याच्या वडिलांच्या नावावरची टर्बोची पिकअप रातोरात चोरीला गेली होती. थोड्याच दिवसांत चांदनीजवळच्या एका नाल्यात गाडीचा सांगाडा सापडला. इंजिन नव्हतं. तपास माझ्याकडेच होता आणि पुढे सरकत नव्हता.

मी दोन शिपाई घेऊन निंबोल्याला गेलो. काकू शेताच्या बांधावर उभ्या राहून घड मोजून घेत होत्या. नवरा गेल्यापासून बाग त्याच बघायच्या. मी बोनेट उघडायला लावलं, इंजिनावरच्या नंबराची धूळ पुसली आणि तो फिर्यादीतल्या नंबराशी ताडून पाहिला. तोच होता.

"काकू, हे इंजिन चोरीचं आहे."

"चोरीचं? मिस्त्रीने बसवलं ते. चांगला माणूस आहे."

"नवी गाडीच का नाही घेतली?"

"नवी गाडी या वाटेत घालून दाखवा मले!" त्यांनी दोन बागांमधली अरुंद वाट दाखवली. "आताच्या गाड्या ह्या एवढ्या रुंद. दोन्ही बाजूची झाडं मोडतील. ही माझी बारीक आहे, बरोबर घडापाशी येते. हिचं इंजिन बसलं होतं, जीव नव्हता राहिला. मिस्त्री म्हणे, अंग तेच ठेवू, काळीज बदलू. तं बदललं."

पंचनामा केला आणि गाडी ठाण्यात आणली. काकूंनी कापलेले घड पुतण्याच्या ट्रॅक्टरमध्ये भरून दिले आणि त्याच ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून त्या गाडीमागून ठाण्यात आल्या. आवारातल्या लिंबाखाली बसल्या. म्हणाल्या, "गाडी इथे अन् मी घरी, असं नाही चालणार. ठाण्यात गेलेली गाडी गंजूनच बाहेर येते, माहीत आहे मले." खोटं नव्हतं. आमच्या आवारात टायर जमिनीत रुतलेल्या, आत वेल वाढलेल्या किती गाड्या होत्या.

शनवाऱ्यात गॅरेज चालवणाऱ्या मिस्त्रीला घेऊन आलो. पन्नाशीचा, मितभाषी माणूस. विचारपूस सुरू झाली.

"इंजिन कुठून आणलं?"

"आणलं नाही साहेब. आलं."

"आलं म्हणजे? चालत आलं?"

"एक ट्रॅक्टरवाला उतरवून गेला. रावेरकडचा वाटला बोलण्यावरून. म्हणे मालक मागून येऊन बोलेल. मालक आलाच नाही. मी दिवाळीभर वाट पाहिली. मग काकूंची गाडी बंद पडली, माल शेतात पिकायला लागला, तं बसवून दिलं. काकूंना सांगितलं होतं, पैसे तुमच्याकडेच राहू द्या, मालक आला की देऊ."

आता सांगा, अशा गोष्टीवर कोण विश्वास ठेवेल? लाखमोलाचं इंजिन कुणीतरी दारात ठेवतं आणि पैसे मागायला येत नाही! आमचे ठाणा प्रभारी हिंदी मुलखातले, कडक पण न्यायी. ते म्हणाले, "कहानी तो इसने अच्छी बनाई है. कल कोर्ट में पेश करो. जल्दबाज़ी मत करना, पर देर भी मत करना." अटकेची कारवाई झाली. मिस्त्री हवालातीत गेला.

मी त्याला चहा दिला. तो प्यायला नाही. म्हणाला, "साहेब, जेलची भीती नाही मले. पण शनवाऱ्यात एकदा गॅरेजवाल्याले चोर म्हटलं ना, तं मग कोणी चाकाची हवा भराले पण गाडी नाही लावत. तीस वर्षं लोक चावी देऊन जातात माझ्याकडे. मागे वळून पण नाही बघत."

ते वाक्य मला लागलं. माझा अख्खा संसारसुद्धा लोकांच्या विश्वासावरच या परक्या गावात उभा होता. पण विश्वास म्हणजे पुरावा नव्हे. एकच गोष्ट खटकत होती. चोरीचं इंजिन विकणारा किंवा घेणारा पहिलं काम करतो ते नंबर घासून मिटवायचं. इथे नंबर जसाच्या तसा होता.

"इंजिन आलं तेव्हा कसं होतं? आठवून सांग," मी विचारलं.

तो जरा सरसावला. कामाचं विचारलं की कारागीर बोलायला लागतो. "नवरीसारखं होतं साहेब. टर्बोच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबलेलं, धूळ जाऊ नये म्हणून. नट ज्याच्या त्याच्या बोल्टवर परत फिरवलेला. पाइप कापलेला नाही, पट्ट्या सोडवून काढलेला. वायरी गुंडाळून सुतळीने बांधलेल्या. ते पाहूनच तं वाटलं मले, की ज्याची गाडी त्यानेच उतरवलं हे. चोर करवत लावतो."

मी उठलो आणि सरळ आवारात गेलो. चांदनीच्या पिकअपचा सांगाडा भिंतीला लागून पडला होता. नाल्यातून काढताना आम्ही पंचनामा केलाच होता: इंजिन नाही, बॅटरी नाही, बोनेटवर हळदीकुंकू. दसऱ्याला सगळेच गाडीची पूजा करतात, म्हणून त्या कुंकवाकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं. मी बोनेट उचललं आणि वाकून आत बघितलं. जिथे इंजिन बसतं ती आडवी पट्टी होती. तिच्यावरच्या खोबणीत घट्ट रुतलेली, धुळीत माखलेली एक सुपारी होती. तिच्याभोवती चिकटलेल्या अक्षता आणि कुंकवाचा सुकलेला थर.

मी तसाच वाकून उभा राहिलो. बोनेटवरचं कुंकू दसऱ्याचं असेल. पण हे? इंजिन जागेवर असताना तिथे बोट जात नाही. म्हणजे इंजिन काढल्यावर कुणीतरी त्या मोकळ्या जागेची पूजा केली होती. गणपती उठल्यावर आपण पाट रिकामा ठेवत नाही, दोन अक्षता टाकतो. ज्या जागेवर घरातली मोठी वस्तू वर्षानुवर्षं होती, ती उघडी सोडत नाही. असं चोर करेल? चोराला पळायची घाई असते.

प्रभारी साहेबांना सांगितलं. त्यांनी स्वतः येऊन पाहिलं, फोटो काढून घेतले आणि एवढंच म्हणाले, "फरियादी को बुलाओ. बाप को भी."

इंजिनाची ओळख पटवायची आहे, असा निरोप धाडला. दुपारी चांदनीहून तो तरुण आणि त्याचे वडील आले. वडील उंच, वाळलेले, पांढरं धोतर. मुलाच्या बोलण्यात जरा जास्तच उत्साह होता. "मिळालं ना साहेब इंजिन? धन्य आहे पोलिसांची!"

मी उठलो. दोघांना सांगाड्यापाशी नेलं आणि बोनेट उचलून धरलं. मुलगा आत बघेना. वडील वाकले. मग हळूच सरळ झाले आणि मुलाकडे न बघता म्हणाले, "सुपारी तू ठेवली ना रे?"

"मी कशाला ठेवू, बाबा? चोरानं..."

"आपल्या घरात जुनी चूल मोडली तेव्हा तुझ्या आईने अशीच ठेवली होती. तू शेजारी उभा होता तिच्या. चोराले काय माहीत तुझ्या आईची रीत?"

त्या पोराचा चेहरा मी विसरणार नाही. इतकी वर्षं चौकश्या केल्या, दरडावून माणसं बोलती केली. इथे आवाजसुद्धा चढवावा लागला नाही. तो गाडीच्या चाकापाशी खाली बसला आणि रडत बोलायला लागला.

गोष्ट साधी होती. घरात वाटणी ठरली होती. गाडी थोरल्याच्या वाट्याला जाणार होती, आणि थोरला ती भंगारात विकून टाकणार होता. धाकट्याने आयुष्यातली पहिली गाडी म्हणून ती चालवली होती, तिच्यावरच तो केळीच्या धंद्यात उभा राहिला होता. "दादाले तिची गरज नव्हती साहेब. तिचं भंगार झालेलं मले पाहवलं नसतं." म्हणून त्याने एका ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्याला हाताशी धरून इंजिन काढलं, सांगाडा नाल्यात सोडला आणि फिर्याद दिली. इंजिन फेकायला मात्र हात धजला नाही. शनवाऱ्यातला मिस्त्री इंजिनाची हेळसांड करत नाही, असं त्याने ऐकलं होतं. तिथे ते कुठल्यातरी गाडीत चालू राहील, एवढीच त्याची इच्छा होती.

"आणि ज्याच्या दारात ठेवलं, तो आज हवालातीत आहे. ते ठाऊक आहे?" मी विचारलं.

त्याने मान वर केली. खरंच ठाऊक नव्हतं त्याला.

ट्रॅक्टरवाल्याचाही जबाब झाला. तो मिस्त्रीच्या सांगण्याशी शब्दाला शब्द जुळला. दुसऱ्या दिवशी कोर्टात आम्ही सगळा अहवाल मांडला आणि मिस्त्री सुटला. खोटी खबर दिल्याबद्दल धाकट्यावर कारवाई झाली. ती व्हायलाच हवी होती. पुढे कोर्टाने सुपुर्दनाम्यावर, म्हणजे हमीपत्र लिहून घेऊन, इंजिन वडिलांच्या ताब्यात दिलं. त्या दिवशी ते ठाण्याच्या आवारात आले आणि काकूंच्या पिकअपपाशी उभे राहिले.

"एकदा चालू करा," ते म्हणाले.

काकूंनीच चावी फिरवली. गाडी थरथरली, मग सावरली, आणि पाय दाबताच ती बारीक शिट्टी वाजली. म्हाताऱ्याने डोळे मिटून ऐकली.

"काढायचं का बाबाजी?" काकूंनी विचारलं. आवाज कणखर होता, पण स्टिअरिंगवरचे हात घट्ट झाले होते.

"नको. घराचे तुकडे होतच आहेत, हिचे पुन्हा नको करू. तुम्ही मालकासाठी बाजूला ठेवले ना पैसे, ते दोन्ही पोरांत सारखे द्या. अन् गाडीच्या कागदावर इंजिन रीतसर चढवून घ्या."

तसं झालं. परिवहन कार्यालयाच्या फेऱ्या काकूंनी स्वतः मारल्या, आणि तिथल्या बाबूंना काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता मी निवृत्त आहे. मुलगा सौंसरला परत चला म्हणतो. पण पाय निघत नाही. या गावाने मला पुस्तकाबाहेरचं पुष्कळ शिकवलं, आणि त्यातला मोठा धडा या प्रकरणात मिळाला. लोभाने केलेला गुन्हा पोलिसाला लवकर कळतो, कारण लोभी माणसाच्या सगळ्या खुणा एकाच दिशेला जातात. मायेने केलेला गुन्हा कठीण. असा माणूस खोटं बोलतो, पण हाताने प्रत्येक गोष्ट खरी आणि नीट करतो. आणि आपल्या मायेची किंमत दुसराच कुणी मोजतोय, हे त्याच्या ध्यानातही नसतं. मिस्त्री सुटला याचं समाधान आहे. पण सुपारी नाल्यात पडली असती तर, हा विचार अजून पिच्छा सोडत नाही.

सुटकेनंतर काही दिवसांनी मी शनवाऱ्यातून जात होतो. गॅरेजसमोर गाड्या लागलेल्या पाहून जीव भांड्यात पडला. बाहेर रस्त्याच्या कडेला चांदनीचा तो धाकटा उभा होता. माफी मागायला आला होता, पण आत पाऊल टाकत नव्हता. आत मिस्त्री एका जीपखाली आडवा होता. गिऱ्हाईक, शेजारचे दुकानदार, चहावाला, सगळे आता काय होतं ते बघत थांबले.

मिस्त्री जीपखालून अर्धा बाहेर आला. त्याच्याकडे पाहिलं. हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "उभा काय राहिला खांबासारखा? इकडे ये, जॅक धर. नट परत लावता येतात ना तुले, मी पाहिलं आहे."