पट्टीवालीची शमीज

बायांनो, तुम्ही शमीज सुलट घालता ना? मग तुम्ही ती कधी शिवलेली नाही.

बिनबाह्यांची, खांद्यावर दोन बारीक पट्ट्या. ड्रेसच्या आत राहून घाम तिनं प्यायचा, पण दिसायचं नाही. पट्टी जरा बाहेर डोकावली की पोरीच्या पाठीत आईचा धपाटा. आमची पट्टीवाली कारखान्यात याच पट्ट्या जोडायची. नवी नवरी असतानाच जावेनं तिला आपल्या शेजारच्या मशीनवर आणून बसवलं. दोन बाळंतपणं, सासऱ्यांचं आजारपण, सगळं त्याच पगारावर निभावलं. तोंडाची फटकळ. "मालकिणीच्या खांद्यालासुद्धा माझाच टाका आहे," म्हणायची.

शिवणाऱ्या बाया शमीज उलटी घालतात. दिवसभर वाकून बसलं की काखेतली जाड शिवण आणि मानेखालचं लेबल कातडी सोलून काढतं. म्हणून शिवण बाहेर, मऊ बाजू आत. हे तिला जावेनंच शिकवलेलं.

त्या संध्याकाळी गेटवर झडती घेणाऱ्या बाईला तिच्या मानेवर कारखान्याचंच लेबल दिसलं.

"ही कुठली गं?"

"माझी. मागच्या उन्हाळ्यात आपल्याच कारखान्यानं स्वस्तात काढलेल्या दागी मालातून घेतलेली."

"मग उलटी कशी? संडासात घाईघाईनं चढवलीस ना?"

"अहो ताई, आम्ही सगळ्याच उलटी घालतो. विचारा की!"

विचारलं. रांग मुकी. हो म्हणावं तर प्रत्येकीची मान तपासणार. जाऊ तर स्वतःच्या चपलेचा अंगठा न्याहाळत राहिली.

गुडघ्यापर्यंतही न पोचणाऱ्या पडद्याआड तिला ती काढायला लावली. कापड विरलेलं, काखेत ठिगळ. सुपरवायझरनं दोन बोटांत धरून ती सगळ्यांसमोर उंच केली.

"जुनी आहे ती! डोळे फुटले का तुमचे?" पडद्यामागून ती ओरडली.

"चोरून वापरली की जुनी होणारच," तो म्हणाला.

लोक हसले. त्यात आमच्या बायाही हसल्या, हे लिहिताना मी दातओठ खातेय.

दुसऱ्या दिवशी तिला आत घेतलं नाही. जाऊ मला म्हणते, "दोघींचं काम गेलं असतं तर चूल तू पेटवणार होतीस?" खोटं नाही. म्हणूनच डोकं फिरतं माझं. एका ताटात जेवणाऱ्या दोघी आता एकमेकींकडे पाठ करून भांडी घासतात.

सोमवारी चौकशी आहे. बाया शमीज उलटीच घालतात, असं सांगणारी रांगेतली एक तरी साक्षीदार मालकाला हवी. कुणी आलं नाही तर चोर म्हणून तिला दुसरा कारखानाही दारात उभं करणार नाही. मी त्या रांगेत नव्हते, माझी साक्ष चालत नाही; म्हणून घरोघर फिरले. पाणी मिळालं, चहा मिळाला. "तुमचं बरोबर आहे हो" हेही मिळालं. साक्ष मिळाली नाही.

त्या रांगेत तुमची बहीण असेल, वहिनी असेल, शेजारीण असेल. तिला हे वाचून दाखवा. आणि सोमवारी तिचा हात धरून तिला गेटवर घेऊन या.