मोठ्याने वाचणाऱ्या मेश्राम मॅडम

मशीनने पडद्यावर दाखवलेली चूक मेश्राम मॅडम कधी मनात वाचत नसत. हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात कुणाचं मशीन अडलं, की त्या चष्मा कपाळावर सरकवत, पडद्याजवळ तोंड नेत आणि पहिल्या ओळीपासून खणखणीत आवाजात वाचायला लागत. शेजारच्या टीममधली मुलं मुकाट्याने हेडफोन चढवत. मॅडमना त्याचं काही नसे.

सर्व्हर सांभाळणाऱ्या त्यांच्या टीममध्ये मी नवीन लागलो होतो. लिनक्स या संगणकप्रणालीवर एखादा प्रोग्रॅम टाकायचा तर तो एकटा येत नाही. त्याला आणखी चार लागतात, त्या चौघांना आणखी कोणी. त्यातला एक जरी भलत्या व्हर्जनचा निघाला तर सगळी वरात मांडवाच्या दारात अडते आणि पडद्यावर तक्रारींची रांग लागते. असं झालं की मी शेवटची ओळ उचलून इंटरनेटवर शोधायचो आणि जी कमांड सापडेल ती चिकटवून मोकळा व्हायचो.

"काहून घाई करून राहिला?" मॅडम म्हणायच्या. "ते ओरडून नाही राहिलं, मागून राहिलं. काय मागते ते तं ऐक."

पुण्यात इतकी वर्षं काढूनही भंडाऱ्याची बोली त्यांनी सोडली नव्हती. वाचायची सवयही तिकडचीच. त्यांच्या आजोबांना अक्षरओळख नव्हती. १९५६ साली ते नागपूरला दीक्षेला जाऊन आले होते आणि तेव्हापासून घरात रोज पेपर मोठ्याने वाचला जाई. मॅडम शाळेत जायला लागल्यावर ते काम या नातीकडे आलं. "एक ओळ गाळली तरी बुढ्याला समजे," त्या सांगायच्या. "पुन्हा वरतून वाच म्हणे."

एका शनिवारी सकाळी त्यांनी मला कोथरूडला नेलं. तिथे अंध विद्यार्थ्यांसाठी एक छोटं अभ्यासकेंद्र होतं. जुन्या संगणकांवर लिनक्स घातलेलं आणि पडद्यावरचा मजकूर मराठीत बोलून दाखवणारा 'वाचक' प्रोग्रॅम बसवलेला. त्या आठवड्यात सगळी मशीनं मुकी झाली होती.

"कोणा तज्ज्ञाला दाखवलं का?" मी केंद्राच्या गोखलेबाईंना विचारलं.

"अहो, तज्ज्ञ येऊन गेले, म्हणूनच तर बंद पडलंय," बाई म्हणाल्या. कोणीतरी उत्साही देणगीदार नवा, गोड आवाज बसवायला आला होता आणि काम अर्धवट टाकून निघून गेला होता.

खोलीत अश्विनी नावाची एक विद्यार्थिनी बसली होती. लोणी काळभोरहून दोन बस बदलून यायची. बँकेची परीक्षा तोंडावर आलेली आणि सराव करायला दुसरं मशीन नाही. "आवाज न्हाई तर माझ्यासाठी ह्यो नुसता डबा हाय," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता, पण हातांची चुळबुळ थांबत नव्हती.

मॅडमनी वाचायला सुरुवात केली. मी मध्येच म्हणालो, "मॅडम, सिस्टिम स्वतःच दुरुस्ती सुचवतेय. हो म्हणू या."

"हो म्हणायच्या आधी काय काय काढून नेते ते वाच."

मी वाचलं. जाणाऱ्यांमध्ये तो बोलणारा वाचकच होता.

"म्हणजे भांडण मिटलं, पण माणूस घराबाहेर," मॅडम म्हणाल्या. मग सगळं पुसून नव्याने टाकायचा विषय निघाला, तर त्यांनी मान हलवली. मुलांनी वर्षभर आपापल्या सोयीने बसवलेलं सगळं त्यात गेलं असतं. त्यांनी पुन्हा वरून वाचायला घेतलं. वाचकाला ध्वनीची अमुक लायब्ररी, म्हणजे आवाजासाठी लागणारा जोडप्रोग्रॅम हवा, त्याचं अमुक व्हर्जन हवं, बसलंय मात्र तमुक.

"मॅडम, पुन्यांदा वाचा की," अश्विनी म्हणाली. मॅडमनी वाचलं. "म्हंजी त्याला जुनं पायजे, आन् आलंय नवं. आसंच ना?"

"पाह्य!" मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुला दिसते, तिला समजते."

पुढचं काम शांतपणे झालं. देणगीदाराने जोडलेला, नवी व्हर्जनं पुरवणारा बाहेरचा स्रोत त्यांनी काढून टाकला, ती एक लायब्ररी जुन्या व्हर्जनवर आणली आणि अर्धवट राहिलेलं काम सिस्टिमला पुरं करायला सांगितलं. या वेळी जाणाऱ्यांत कोणीच नव्हतं. पहिलं मशीन पुन्हा सुरू झालं आणि तो सपाट, रुक्ष आवाज बोलू लागला. अश्विनीने स्पीकरवर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. गोखलेबाई खिडकीकडे तोंड करून पडदे सारखे करत राहिल्या.

त्यानंतर मॅडमचे शनिवार कोथरूडचेच झाले. त्या केंद्रात मुलांना चुका वाचून दाखवत आणि उत्तर त्यांच्याकडूनच काढून घेत. पुढे मी कंपनी बदलली, फोन कमी झाले. गेल्या वर्षी त्यांच्या आजारपणाची बातमी आली आणि मी भेटायला जायच्या आतच त्या गेल्याची.

विश्रांतवाडीच्या त्यांच्या घरी बुद्धवंदना झाली. मी मागे बसलो होतो. शेजारी पांढरी काठी घेऊन अश्विनी येऊन बसली. आता ती बँकेत नोकरी करते. मी तिला हाक मारली तसा माझा आवाज तिने ओळखला. मग तिने हळूच विचारलं, "सर, मॅडम दिसायच्या कशा वो?"

समोर फुलं घातलेला फोटो होता, ऑफिसच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. त्यात त्या अजिबात त्यांच्यासारख्या दिसत नव्हत्या. तो सोडून मी आठवून सांगू लागलो. बुटक्या होत्या, सुती साडी आणि खाली पळायचे बूट.

"बुटक्या?" ती चकितच झाली. "मला वाटायचं, लई उंच आसत्याल."

तिला हसू आलं, मलाही आलं, आणि मग मी फोटोकडे पाहत राहिलो.

"थांबू नका," ती म्हणाली. "सांगा की."

मी सांगत राहिलो. समोरच्या दोन बायका बोलता बोलता थांबल्या आणि त्याही ऐकू लागल्या.